दोन घरांचा एक कोनाडा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, अनेक मराठी कारकुनांची बिऱ्हाडे इकडे आली. आमचे वडील त्यांपैकीच एक. निवृत्तीनंतर त्यांनी त्या स्थलांतराच्या आठवणी लिहून काढल्या व पुढे एकाकडून संगणकावर उतरवून घेतल्या. मूळ वही एका पावसाळ्यात भिजून गेली. वडीलही आता नाहीत. उरली ती एक फाईल, आणि तीही युनिकोडपूर्व फाँटमधली. उघडावी तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता चिवडा दिसावयाचा!

दिवाळीस आलेल्या पुतणीने हे काम अंगावर घेतले. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक आज्ञावली तिला मिळाली. परंतु ती जुन्या वळणाची, आजच्या संगणकावर सहजी न चालणारी. तेव्हा तिने ती ‘कंटेनर’मध्ये बसविली. न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून ज्या लोखंडी पेट्या चढतात-उतरतात, त्यांचेच हे नाव. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत सर्वतोमुखी केली. आज्ञावलीस लागणारा सारा सरंजाम पेटीत असतो. संगणकाचा गाभा मात्र यजमानाचाच वापरावयाचा. पेटीतून बाहेरचे काही दिसत नाही, आणि पेटी मोडली की आत लिहिलेलेही तिच्याबरोबर जाते.

“म्हणजे आपले शिवाजी नगरचे सरकारी क्वार्टरच की!” मी म्हणालो. बदली झाली की भिंतीवरच्या मुलांच्या उंचीच्या खुणा चुन्याखाली जातात. बरोबर येते ते आपल्या ट्रंकेतले तेवढेच.

“बरोबर, काका. म्हणून बाहेरचं एक फोल्डर आत जोडायचं.”

या जोडण्यास ‘माउंट’ म्हणतात. मी त्यास कोनाडा म्हणतो, दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीतला, दोहोंकडून उघडणारा. तेथे नक्कल होत नसते, वस्तू एकच. आतल्याने खोडले तर बाहेरचेही खोडले जाते. हे कळताच मी हटून बसलो : वडिलांची फाईल आतल्याने वाचावी, तिला हात लावू नये. पुतणी हसली. ती सोय दोनच अक्षरांत होते म्हणे; आज्ञेतील त्या जोडणीच्या शेवटी ‘आरओ’ लिहावे, की ते फोल्डर केवळ वाचनार्थ राहते. उत्तरासाठी दुसरे फोल्डर जोडले.

आणखी एक मौज. जोडावयाच्या फोल्डरचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर आज्ञेची आखूड रीत त्या चुकीच्या नावाचे रिकामे फोल्डर निमूटपणे निर्माण करते! लांब रीत तेथेच अडविते आणि चूक दाखविते. आयुष्यभर शुद्धलेखन तपासलेल्या मास्तरास कोणती आवडावी, हे सांगणे न लगे.

काम झाले, परंतु तयार झालेली फाईल पुतणीस दुरुस्त करता येईना. तिच्या लिनक्सवर मालकी नावाने नव्हे, क्रमांकाने ठरते. तिचा क्रमांक १०००; पेटीतला लेखनिक मात्र शून्य क्रमांकाचा, म्हणजे सर्वाधिकारी. त्याने कोनाड्यात ठेवलेली वस्तू बाहेरही त्याचीच राहिली. सरकारी खात्यात भांडारपालाच्या किल्लीवाचून खडूची पेटी उघडत नाही, तशातली गत! शेवटी पेटीस तिच्याच क्रमांकाने चालावयास सांगितले, तेव्हा फाईल तिच्या हाती आली.

अक्षरे बहुतांशी ठीक उतरली आहेत. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी ठेवीत, युनिकोडात ती नंतर येते. ते त्या आज्ञावलीने अचूक सांभाळले. रफार मात्र ठिकठिकाणी घसरले आहेत. पुतणी परत गेली. मी छापील प्रत घेऊन रोज रात्री तांबड्या शाईने चारपाच पाने उरकतो. ‘वर्धा’ हे नाव एकाच पानावर तीन तऱ्हांनी आले आहे.