औषधाचेंही आयुष्य असतें

गेल्या श्रावणांत उजव्या दाढेनें मला तीन रात्री जागविलें. अखेर सूनबाईंच्या आग्रहास्तव दंतवैद्याकडे गेलों. दाढेच्या मुळांतील नळी धुण्यापूर्वीं त्यांनीं एक अर्धी बाटली उचलली, तीवरील तारीख पाहिली आणि आंतील द्रव ओतून टाकला. खडूचे तुकडेही जपून ठेवणाऱ्या शिक्षकाला हें कसें पाहवावें?

"डॉक्टर, एवढें औषध वायां घालविलेंत!"

"गुरुजी, वायां तें आधींच गेलें होतें."

तें द्रव्य सोडियम हायपोक्लोराइट. १९१५ सालीं, पहिल्या महायुद्धांत, हेन्री डेकिन व अलेक्सिस कॅरेल यांनीं सैनिकांच्या जखमा धुण्यासाठीं त्याचें ०.५ टक्के द्रावण प्रचारांत आणलें. दाढेंत ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत वापरतात. तें जंतु मारतें व मुळांतील मृत मज्जाही विरघळवितें. परंतु ऊन, उष्णता किंवा धातूचा अंश लागला कीं त्याचें विघटन होतें. कांहीं भागांतून प्राणवायु निघून जाऊन साधें मीठ उरतें, कांहींचें क्लोरेट बनतें. बाटली भरलेली दिसते, वासही येतो. सामर्थ्य तेवढें ओसरलेलें असतें. म्हणून तें गडद बाटलींत, घट्ट झांकून, थंड जागीं ठेवावयाचें.

चूर्णें दोन महिन्यांनीं हीनवीर्य होतात, असें शार्ङ्गधरसंहितेंत सांगितलें आहे. तें मीं वाचलें होतें. घरांतल्या बाटलीस मात्र कधीं लावून पाहिलें नाहीं.

घरीं आलों तों स्वयंपाकघराच्या खिडकींत, भर उन्हांत, पिण्याच्या पाण्यांत थेंब टाकावयाची बाटली उभी. द्रव्य तेंच! काटकसर म्हणून मींच ती दोन पावसाळे पुरविली होती. आदल्या वर्षीं धाकटा नातू आठवडाभर पोटानें आजारी होता, तेव्हां "मुलास बाहेरचें खाऊं घालतां" म्हणून मीं सूनबाईंना चार शब्द सुनावले होते. दोष त्या पाण्याचाच होता कीं काय, हें आतां कोण सांगणार? पण मीं तिकडे पाहिलेंच नव्हतें, एवढें खरें.

सासऱ्यानें सुनेची क्षमा मागावी अशी रीत आमच्या घरांत नाहीं. तरी बाटली मोरींत रिकामी करून मीं ती मागितली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पाणी उकळावयास ठेवलें. दुसऱ्या दिवशीं नवी बाटली माझ्यापुढें धरून म्हणाल्या, "मामंजी, तारीख तुम्हींच वाचा."

चष्मा लावून मीं ती वाचली. वाचकांनींही आपल्या घरची खिडकी एकदां पाहावी.