वळीव आणि पंचनामा

वळीव कोल्हापूरला नवा नाही. पण गेल्या मे महिन्यात वस्तीतला गुलमोहर मावशींच्या पत्र्यावर आडवा झाला. या झाडाची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. पोरे कुऱ्हाडी घेऊन धावली; आम्ही अडवले, फांद्यांत विजेची तार अडकली होती. आधी महावितरणला १९१२, मग अग्निशमन दलाला १०१.

झाड छपरावरून उतरताच एक वखारवाला आला. 'लाकूड द्या, फुकटात साफ करतो.' मावशी तयार झाल्या. छप्पर गेलेले असताना फुकट कोण सोडील? आम्ही म्हणालो, 'मावशी, आधी पंचनामा होऊ द्या. सरकारी मदत त्यावरच मिळते. झाड गेल्यावर दाखवणार काय?'

शेजारचा गुलमोहर कललेलाच आहे. शहरात उभे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. महापालिकेला अर्ज आम्हीच लिहिला. सह्या चौदा, अंगठे दोन.