दमात बसेल तेवढं काम

इनामगावात उसाला पाणी द्यायचं तर विजेच्या वेळेप्रमाणे जागावं लागतं. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, ही आम्हा घोड नदीकाठच्या शेतकऱ्यांची सवय. झटका येऊन गेल्यावर माझं हृदय कमजोर झालं आणि सगळ्यात आधी सुटलं ते हे काम. चार पावलांत दम लागायचा. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहायचा. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उशांना टेकून रात्र काढायचो, आणि माझ्या श्वासाकडे कान लावून मंडळीही जागीच असायची.

टू-डी इकोच्या कागदावर पंपिंग 30 टक्के लिहिलं होतं. भेटायला येणारे मनातल्या मनात हिशेब करायचे, की 70 टक्के गेलं. मलाही तसंच वाटायचं. दौंडच्या डॉक्टरांनी समजावलं, की निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. म्हणजे माझं निम्म्याच्या आसपास चालू होतं. आजार मुळापासून जाणार नाही, पण आवाक्यात ठेवता येईल, असं ते म्हणाले. त्या बोलण्याने मला खरा धीर आला.

आता सकाळी लघवीला जाऊन आलो की चहाआधी वजनकाट्यावर उभा राहतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साठलेलं पाणी समजायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा. पाणी उतरवायची गोळी सकाळीच घेतो, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून मनानेच गोळी आणत नाही. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी धरतं.

जड गेलं ते मीठ. ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, सगळंच बंद झालं. मंडळी माझ्या वाटणीची आमटी आधी काढून घेते आणि मग पातेल्यात मीठ घालते. लसूण, जिरं, लिंबू यांवर जीभ हळूहळू वळली. कमी सोडियमचं मीठही विचारल्याशिवाय आणत नाही. त्यात पोटॅशियम असतं आणि माझ्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं.

मनाचं दुखणं मात्र कशाने उतरेना. मुलाने मायेपोटी सगळी कामं काढून घेतली होती. ओट्यावर नुसतं बसून माझी चिडचिड व्हायची. शेवटी आम्ही बसून कामाची वाटणी केली. दारं धरणं त्याच्याकडे. खताचा हिशेब, कारखान्यातली उसाची नोंद आणि लागणीआधी बेण्याचे डोळे बघणं माझ्याकडे. त्या दिवसापासून भाकरी गोड लागायला लागली.

संध्याकाळी उत्खननाच्या टेकाडाकडे चालत जातो. डेक्कन कॉलेजने 1968 पासून इथे खोदकाम केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबरोबर पुराचं पाणी वळवायचा चर आणि बांधही सापडला. जोडीदाराशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं, बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणं आता होत नाही. वरवंडच्या मुक्कामाला जाऊन दर्शन घेतो.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांना कळकळीने सांगतो: त्याच्या ताटातलं मीठ काढा, डोक्यावरचं ओझं उतरवा, पण हातातलं काम सगळंच काढून घेऊ नका. त्याच्या दमात काय बसतं ते डॉक्टरांना विचारा, त्यालाही विचारा, आणि तेवढं काम त्याच्यावर विश्वासाने सोपवा.