पटासमोर बसलेली मुलगी





आपल्या शाळेत दर शनिवारी दुपारी बुद्धिबळाचा वर्ग भरतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. पाचवी-सहावीच्या गटात मुले आणि मुली जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. आठवीपासून मुली कमी होऊ लागतात आणि दहावीपर्यंत एखाददुसरीच उरते. अभ्यासामुळे मुलेही गळतात, पण इतकी नाही. म्हणून या सत्रात आम्ही वर्ग सोडलेल्या काही मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलावून घेतले. त्यांनी जे सांगितले ते आपल्यासमोर ठेवावे असे वाटले.

पहिले उत्तर सगळ्यांचे एकच होते, "अभ्यास." जरा वेळ बसल्यावर, चहा झाल्यावर, दुसरी उत्तरे निघू लागली. एकीचा बाहेरच्या स्पर्धेत डाव सुरू होण्यापूर्वीच समोरचा मुलगा मित्राला म्हणाला होता, "अपना तो एक पॉइंट पक्का." दुसरी जिंकली तेव्हा हरलेल्या मुलाच्या वडिलांनी त्याला सर्वांदेखत झापले, "लड़की से हार गया?" ती मुलगी आम्हांला म्हणाली, "मॅडम, मला जिंकल्याचा आनंदच झाला नाही. मी काही वाईट केले असे वाटले." तिसरीला एका काकांनी मायेने समजावले होते की बेटा, मुलींचे वेगळे बक्षीस असतेच, तू कशाला एवढा विचार करतेस? चौथीचे कारण साधे होते. शेवटची फेरी संपायला रात्र होते, आणि न्यायला-आणायला घरी कोणी मोकळे नसते. भावाच्या वेळी मात्र हा प्रश्न कधी आला नव्हता.

यांत मोठा अपराध म्हणावा असे काही नाही. कोणी मारले नाही, शिवी दिली नाही. म्हणूनच या गोष्टी कोणी तक्रार म्हणून घेऊन येत नाही. मुलगी एका शनिवारी येत नाही, मग दुसऱ्या शनिवारी येत नाही, आणि आपण हजेरीपटावर रेघ मारतो.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे घरी बुद्धिबळ आणि बाहेर शतरंज, असे या खेळाचे दोन्ही शब्द आमच्या तोंडी आहेत. कॉलेजात असताना आमच्या वर्गातील मुली कॉमन रूममध्ये पट मांडून बसल्या की मागे मुलांचा घोळका उभा राही आणि प्रत्येक चाल आधीच सांगितली जाई. "घोड़ा चला, घोड़ा!" मुलांच्या पटाशी असे कोणी उभे राहत नसे. तेव्हा आम्ही हसून सोडून देत असू. त्या घोळक्यातील कोणाच्या मनात वाईट नसेलही, पण पट आमच्यापुढे असून डाव आमचा नसे.

गंमत पाहा. आपल्या मराठी-हिंदी पटावर एकही स्त्री नाही. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे आणि प्यादी, सगळी पुरुषांचीच फौज. युरोपात हा खेळ गेल्यावर तेथे वजिराची राणी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस नियम बदलून तिला पटावरील सर्वांत मोठे बळ मिळाले. पण पटावर राणी आली म्हणून तेथील बायकांना पटासमोर सहज जागा मिळाली, असे झाले नाही.

आपल्याकडील एक उदाहरण मुलांना माहीत असायलाच हवे. मुंबईच्या खाडिलकर कुटुंबातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी बुद्धिबळपटू. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर हे त्यांचे वडील. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. तेव्हा त्यांचे वय होते अवघे तेरा. आपल्या आठवीतल्या मुलीएवढे! मुलीने या स्पर्धेत खेळण्यास विरोध झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या. आज आपली मुलगी खुल्या गटाचा अर्ज भरते तेव्हा कोणी हरकत घेत नाही, त्यामागे तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीचा हट्ट आहे.

हंगेरीच्या ज्युडिट पोल्गार यांची कथाही अशीच. आईवडिलांनी तिन्ही मुलींना घरीच शिकवले आणि धाकट्या ज्युडिट प्रामुख्याने खुल्या स्पर्धांतच खेळल्या. १९९१ मध्ये, पंधरा वर्षे चार महिन्यांच्या असताना, त्या ग्रँडमास्टर झाल्या आणि बॉबी फिशर यांचा विक्रम मोडला. बायकांच्या खेळाविषयी पूर्वी अनुदार बोललेल्या गॅरी कास्पारोव्ह यांना त्यांनी २००२ मध्ये मॉस्को येथे हरवले. त्याच वर्षी आपल्या कोनेरू हंपी यांनी ज्युडिट यांचा सर्वांत लहान महिला ग्रँडमास्टरचा विक्रम मोडला.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या, आता काळ बदलला. तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे ऐका. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धा खेळून आल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या खेळाविषयी बोलतच नाहीत. कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. मुलांच्या वाट्याला हे येत नाही, हेही तिने स्पष्ट म्हटले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती जागतिक ज्युनिअर मुलींच्या गटात विजेती ठरली आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात खेळली. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे हंपी यांनाच हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी आपल्या शाळेतही पेढे वाटले गेले. पण पेढे खाताना एक आकडा विसरू नये. त्या अठ्ठ्याऐंशी जणांत स्त्रिया चारच आहेत: हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या.

मग मुलींची बुद्धीच या खेळाला कमी पडते काय? हा प्रश्न एका पालकांनी आम्हांला सरळ विचारला, आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. जर्मनीतील खेळाडूंच्या नोंदींवरून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्रिया यांच्यात जे अंतर दिसते, ते जवळजवळ सगळे एका साध्या गोष्टीने उलगडते असे त्यात आढळले: खेळणारे पुरुष खूप आहेत आणि स्त्रिया थोड्या. शंभर आंब्यांतून निवडलेला सर्वांत मोठा आंबा दहांतून निवडलेल्यापेक्षा बहुधा मोठाच निघणार. त्यात झाडाचा दोष नाही.

दुसरा अभ्यास इटलीतला, २००८ सालचा. सारख्या ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या लावून त्यांना इंटरनेटवरून खेळवले. समोर पुरुष आहे असे कळले की स्त्रियांचा खेळ स्पष्टपणे खालावला. समोर स्त्री आहे असे त्यांना खोटेच सांगितले, तेव्हा त्याच स्त्रिया त्याच पुरुषांशी बरोबरीने खेळल्या. पट तोच, मोहरे तेच, प्रतिस्पर्धीही तोच! "अपना पॉइंट पक्का" हे वाक्य कानांवर पडलेल्या मुलीच्या हातून चौथ्याच चालीला प्यादे का जाते, ते यावरून समजावे.

आता मुलांसाठी दोन शब्द. "लड़की से हार गया" हे वाक्य मुलीला जसे लागते तसे तुम्हांलाही लागते. ज्या मुलाला झापले गेले, तोही पुढच्या स्पर्धेत मुलगी समोर आली की घाबरूनच बसणार. हार ही चालींची असते. डाव संपल्यावर हात मिळवा आणि "तो उंट कसा सुचला?" असे विचारा. दोन्ही बाजूंना काही शिकायला मिळेल.

शाळेच्या बाजूने आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. येत्या सत्रापासून शनिवारचा वर्ग सर्वांसाठी एकत्रच राहील आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लागतील. डाव चालू असताना मागे उभे राहून बोलणाऱ्यास, मग तो कोणीही असो, वर्गाबाहेर जावे लागेल. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली जातील तेव्हा एक शिक्षिका बरोबर असेल आणि रात्री प्रत्येकीला घरापर्यंत पोहोचवले जाईल. यासाठी वाहनखर्चाची तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. रक्कम मोठी नाही, आणि अहिल्यादेवींच्या या नगरीत ती जमणार नाही असे आम्हांला वाटत नाही.

पालकांस एवढेच सांगणे की मुलगी स्पर्धेहून परतली की "कोणाशी हरलीस?" यापेक्षा "डाव मांडून दाखव बरे," असे म्हणावे. आपणांस खेळ येत नसेल तरी चालेल. ती मोहरे मांडून सांगेल, आणि सांगता सांगता कोणी काय बोलले तेही सांगेल. ते ऐकून घ्यावे, आणि जरूर वाटल्यास आमच्यापर्यंत पोहोचवावे. शनिवारी दुपारी दोन ते चार आम्ही बुद्धिबळाच्या खोलीतच असतो.

ज्या मुलींनी वर्ग सोडला आहे त्यांची नावे हजेरीपटावरून अद्याप काढलेली नाहीत.