मोटारीचें कुलूप

हिर्डोशीच्या आमच्या घरास दिवसा कुलूप घालण्याची रीत नाहीं. रात्रीं अडसर पडतो, तोहि आंतून. त्यामुळें नव्या मोटारीचीं कुलपें अंगवळणीं पडावयास आम्हांस बरेच दिवस लागले. गाडीनें थोडा वेग घेतला कीं चारी दारांस आपोआप कुलूप बसतें. त्या आवाजाची मुलांना मौज वाटे. मातोश्रींना तो रुचला नाहीं.

त्यांतून मागील दाराच्या कडेस एक बारीक खटका असतो. तो लावला कीं दार आंतून उघडत नाहीं, बाहेरूनच उघडावें लागतें. भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कांठानें वरंध घाटाकडे जाणारा आमचा रस्ता वळणावळणांचा. मागें मुलें असतां खटका हवाच. पण ज्यांच्या कमरेस साऱ्या घराच्या किल्ल्या, त्या मातोश्रीहि दार कोणी उघडील म्हणून बसून राहूं लागल्या. "मलाहि मुलांतच धरलेंत का रे?" असें त्या एकदां हंसून म्हणाल्या. तें हंसणें आम्हांस लागलें.

दोन्ही दारांचे खटके निरनिराळे असतात. आतां एकाच बाजूचा लावतों. तिकडे मुलें बसतात, दुसरीकडे मातोश्री. किल्लीची बॅटरी संपल्यास तिच्या पोटांतली धातूची किल्ली कशी काढावी, हेंहि त्यांनीं शिकून घेतलें. उन्हांत बंद गाडी भट्टीसारखी तापते; मुलांना तींत क्षणभरहि एकटें सोडावयाचें नाहीं, हा दंडक त्यांचाच. गाडी कोणीहि चालवो, तिचें दार उघडण्याची माहिती घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास असावी, असें आम्हांस वाटतें.