ओवाळणी

दिवाळी आली की आमच्या घरी दोन गोष्टींचा उद्धार होतो : एक माझ्या आळसाचा आणि दुसरा तेलाच्या भावाचा. २०२४च्या दिवाळीत दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले. सप्टेंबरात केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलांवर २० टक्के मूळ आयात शुल्क बसवले आणि तेलाचा डबा भडकला. हातात सोऱ्या धरून सौ. म्हणाली, "अहो, यंदा चकल्या निम्म्याच!"

मी तिची समजूत घातली, "अगं, आपले गेले ते मामांना मिळाले." मामा लातूर जिल्ह्यात पाच एकरांत सोयाबीन पेरतात. शिवाय २०२३च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, दिल्याचे मी वाचले होते. म्हणजे मामांना घरबसल्या १०,००० रुपये! खरे सांगायचे तर मला थोडा हेवाच वाटला.

भाऊबीजेला मामा आले. आईने ओवाळले. मामांनी तबकात पाचशेची नोट ठेवली. मी थट्टेने म्हणालो, "मामा, यंदा सरकारने तुम्हांला एवढी ओवाळणी घातली, आणि नोट एकच?"

मामा हसले. मग हातातली चकली बशीत ठेवून त्यांनी हिशेब सांगितला. माल झाला चाळीस क्विंटल. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. पण सरकारी खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नव्हता, आणि ऐन काढणीत पाऊस झालेला. माल वाळवत बसावे, तर हरभऱ्याच्या पेरणीला पैसे कोठून आणायचे? शेवटी आडत्याकडे ४,१०० रुपयांनी घातला.

"पण मामा, तेल तर महागले!"

"अरे, शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते अठरा-वीस किलो. बाकीची पेंड. पेंडीला उठाव नसला, तर नुसत्या तेलाने भाव किती चढणार?"

मी मनात आकडेमोड केली. क्विंटलमागे ७९२ रुपये कमी. चाळीस क्विंटलांचे ३१,६८०. आणि ते दहा हजार तर आदल्या वर्षाचे!

"ओवाळणी गोड असते, भाचेबुवा," मामा म्हणाले, "पण संसार भावावर चालतो."

त्या दिवशी माझी थट्टा माझ्याच घशात अडकली.

नोव्हेंबरच्या मध्यावर ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केल्याची बातमी आली. मी उत्साहाने फोन केला. मामा म्हणाले, "चांगले झाले. ज्यांचा माल अजून घरात आहे, त्यांचे भले होईल."

पुढे २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. येत्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला, आणि कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. सौ.ने दुसरी बातमी मोठ्याने वाचली. मलाही आनंद झाला. खोटे कशाला बोलू? पण आमच्या चकल्या आणि मामांची पेरणी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसली आहेत, हे आता मला दिसत होते.

हल्ली काढणीच्या दिवसांत मामांना फोन केला, की मी तेलाचे नाव काढत नाही. आधी विचारतो, "मामा, पाऊस उघडला का?"