हळदीचा कागद, वैशाखाचं ऊन

हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हाने जातो. मराठी घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की तो धुऊन भर उन्हात दोरीवर टाकायचा. संध्याकाळपर्यंत डाग फिकटलेला असतो. मी जे काम करते त्याचं सगळं रसायन एवढ्यात आलं. कागदावर मुद्दाम हळदीचा थर द्यायचा, त्यावर कडुनिंबाची डहाळी ठेवायची, वर काच दाबायची आणि कागद गच्चीवर नेऊन ठेवायचा. उघड्या जागेवरची हळद ऊन खाऊन टाकतं, डहाळीखालची राहते. काच उचलली की फिक्या कागदावर पिवळा कडुनिंब उमटलेला असतो. या पद्धतीला अँथोटाइप म्हणतात. तिला कॅमेरा लागत नाही, चांदीचे क्षार लागत नाहीत.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या रंगांवरचे हे प्रयोग १८४२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. फुलापानांचे रस कागदाला लावून त्याने त्यांवर लोलकातून फुटलेले प्रकाशाचे वेगवेगळे रंग पाडले, आणि त्याला दिसलं की वनस्पतीचा रंग साधारणपणे त्याच प्रकाशाने मरतो, जो तो स्वतः शोषून घेतो. हळद पिवळी दिसते कारण ती निळा-जांभळा प्रकाश गिळते. तोच तिला संपवतो. म्हणूनच या कामाला साधी खिडकीची काच चालते. काच काही अतिनील किरण अडवते खरी, पण दिसणारा प्रकाश आत येतो आणि आपलं काम तोच करतो.

याच हर्शेलने १८१९ मध्ये हायपो या रसायनाचा गुण शोधला होता. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, आणि त्याच्याच सांगण्यावरून १८३९ पासून फोटो पक्का करायला हायपो वापरात आला. फोटोग्राफीला टिकाऊपणा ज्याने दिला, त्यालाच फुलांच्या रंगांसाठी तसं काही सापडलं नाही. आजही ते कुणाकडे नाही. शास्त्रलेखिका मेरी सॉमरव्हिल यांनी १८४५ मध्ये रोमहून हर्शेलला पत्र लिहून वनस्पतींच्या रसांवरचे आपले प्रयोग कळवले, तेही पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीनेच छापले. मग युरोपने हा विषय बाजूला ठेवला. चित्र उमटायला कितीतरी दिवस, कधी आठवडे लागायचे. एवढा वेळ कोण थांबणार?

मला वाटतं, तिथे ऊन कमी पडलं. आमच्याकडे मार्च संपता संपता गच्च्यांवर हिरव्या जाळ्या चढतात, दुपारी गुलमंडीच्या बाजारातली वर्दळ ओसरते, जो तो डोक्याला रुमाल बांधून भिंतीच्या कडेने सावली धरतो. त्याच उन्हात हळदीचा कागद एका दिवसात तयार होतो. पालकाला काही दिवस लागतात, बिटाला त्याहून थोडे जास्त. इंग्लंडच्या ढगाळ हवेत जे प्रयोगवहीत राहिलं, ते मराठवाड्याच्या वैशाखात रोजच्या कामासारखं करता येतं. ही कला या आकाशाखालची आहे, असं मी मनापासून मानते.

आणखी एक गोष्ट इथल्या अक्षांशाने दिली आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या शहरावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, घड्याळात साडेबाराच्या जरा आधी. शून्य सावलीचा तो दिवस. पान चपटं असेल तर फरक पडत नाही, पण बाभळीची शेंग, बहाव्याचा घोस, कण्हेरीची जाड कळी अशा उठावाच्या वस्तू ठेवल्या की एरवी त्यांची सावली कलते आणि कड दुहेरी, धूसर येते. त्या दिवसांत मी जाड वस्तूंची चित्रं काढते आणि कागद फक्त दुपारच्या दोन-अडीच तासांपुरता बाहेर ठेवते, रोज, रंग पुरेसा उतरेपर्यंत. मधल्या वेळात चौकट तशीच्या तशी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात. अशी कड हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात कधी मिळत नाही.

हळदीची कृती अगदी थोडी आहे. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घ्यायचं. चमचाभर हळद त्यात ढवळून गाळ खाली बसू द्यायचा, वरची नितळ निवळी मऊ ब्रशने अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायची. जवळ गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, स्पिरिट भडकतं. हळद मी वसमतकडची हळकुंडं आणून घरी कुटते; पुडीतल्या हळदीत काय काय असतं ते कागद लगेच दाखवतो. ऊन देऊन झालं की टाकणखाराच्या पाण्यात कागद बुडवायचा. उरलेली हळद पिवळ्याची तांबूस-तपकिरी होते आणि चित्र एकदम ठसठशीत दिसू लागतं. साबणाने डाग लाल होतो तो हाच प्रकार. हळदीचं कुंकू करणारेही हाच खार वापरत आले.

फोटो उमटवायचा असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक फिल्मवर त्याची छपाई करून आणते. इथे निगेटिव्ह नको, सरळ चित्रच हवं, कारण काळं जिथे आहे तिथेच रंग राहणार. एका फिल्मचा काळा पुरेसा दाट नसतो. दोन फिल्म तंतोतंत एकावर एक जुळवल्या की भागतं.

कागदाबद्दल मात्र मी हट्टी आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये कागजीपुरा आहे. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागद्यांची परंपरा जोडली जाते. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद तिथे आजही मिळतो. त्याच्या सुती तंतूंत रस मुरतो, वर तरंगत नाही, आणि ओला झाला तरी फाटत नाही. यंत्रावरच्या अनेक चांगल्या कागदांत आम्ल मारायला चुन्याची भुकटी घातलेली असते. गोकर्णाचा निळा किंवा जास्वंदीचा जांभळा रस तिच्यावर पडला की हिरवट होतो. त्यामुळे नवा कागद आला की आधी कोपऱ्यावर जास्वंदीचा एक थेंब टाकून बघते. कागजीपुऱ्यात तावाला हात लावून त्याचा जाडसरपणा सांगणारी माणसं आहेत. माझ्या या कामातला निम्मा आनंद त्यांच्याशी बोलण्यात आहे.

रंग ऋतूप्रमाणे येतात. शिमग्याच्या आगेमागे खुलताबादच्या डोंगरात पळस फुलतो, त्याच्या पाकळ्यांचा केशरी. मग गुलमोहर, आणि पाऊस पडायच्या सुमारास जांभूळ. भाद्रपद-आश्विनात पारिजातकाचे देठ, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शहागंजात उरलेला झेंडू, थंडीत जाधववाडीहून आलेला पालक आणि बीट. पावसाळ्यात मी कागद बाहेर काढत नाही. ढग असतात म्हणून नव्हे, ओल्या हवेत रसाच्या थराला बुरशी धरते म्हणून.

बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे टिकतं का? उजेडात टिकत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलं तर दिवसागणिक विटत जातं. अतिनील किरण अडवणारं वॉर्निश मारून घ्या, असं सुचवणारे भेटतात. पण रंग विटवणारा प्रकाश दिसणाराच असेल तर त्या वॉर्निशचा उपयोग थोडाच. अंधार हाच काय तो उपाय. हर्शेलचे काही नमुने टेक्ससच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आजही आहेत.

याच जिल्ह्यात राबलेला मेजर रॉबर्ट गिल मला अशा वेळी आठवतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला तो १८४० च्या दशकात आला आणि वर्षानुवर्षं तैलरंगात भल्यामोठ्या प्रती रंगवत राहिला. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. लेण्यांतली मूळ चित्रं, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्दाची, दीड हजार वर्षांनंतरही भिंतींवर आहेत. खनिज रंगांना उजेडाचं भय कमी, शिवाय आत उजेड फारसा नव्हता. गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो १८६४ मध्ये वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाले. ते फोटो आज आपल्याकडे आहेत. या परिसरात उन्हाकडून चित्रं काढून घेणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक, म्हणून मला तो आपल्या धंद्यातला वडीलधारा वाटतो.

मी चित्रं काळ्या कागदाच्या वहीत ठेवते. कुणाला दिलं तर पाकिटात घालून देते आणि सांगते, पाहा, मुलांना दाखवा, परत आत ठेवा. चौकट करून मागणाऱ्याला नाही म्हणते. झेरॉक्स किंवा फोटो काढून हवा तर काढून घ्या, तो भिंतीवर लावा, माझी हरकत नाही. पण मूळ चित्रातली हळद बोटाला जाणवते, तिचा वास येतो, ते त्या फोटोत येणार नाही.

सुरुवात करायची असेल त्यांनी पळसाची किंवा कागजीपुऱ्याची वाट पाहू नये. चैत्रात घरातली हळद, शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला एक जाड कागद, जुन्या तसबिरीची काच आणि शेवग्याचा एक कोवळा फाटा घ्यावा. सकाळी नऊला चिमट्यांनी दाबलेली ही चौकट दक्षिणेकडच्या गच्चीवर ठेवावी, दुपारी एक चिमटा सोडून कागदाचा कोपरा हळूच उचलून पाहावा. अजून पिवळं असेल तर पुन्हा चिमटा लावून राहू द्यावं.